घाईचा भाव

विमानतळावर सगळ्यात महाग काय मिळतं, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल? चहा? समोसा? पाण्याची बाटली? मी म्हणेन, परकीय चलन. हे ऐकीव नाही. सासूबाईंचे पैसे घालवून मी हे शिकले आहे.

आम्ही बडोद्याला राहतो. २०२४च्या फेब्रुवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई, बँकॉकला निघालो. सासूबाईंचा हा पहिलाच परदेश प्रवास. विमानाची तिकिटं आणि हॉटेल आम्ही आधीच केलं होतं. निघायच्या आदल्या रात्री मी बॅगा भरत होते, तेव्हा त्या खोलीत आल्या आणि एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आत ४०,००० रुपये होते. त्यांना दोनदा लागलेल्या भिशीचे. त्यांनी ते मोडले नव्हते.

"तिथला वरचा खर्च माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "याचे तिकडचे पैसे करून घे."

मी म्हटलं, "आई, उद्या विमानतळावर करू. तिथं काउंटर असतात."

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी बोलला असाल. तिकीट, व्हिसा, औषधं, थेपले, चार्जर, सगळ्याची यादी आपण महिनाभर आधी करतो. पैसे बदलण्याचं काम मात्र शेवटच्या दिवसावर ढकलतो, कारण ते काम आपल्याला कामच वाटत नाही. रुपये द्यायचे, डॉलर घ्यायचे, त्यात काय एवढं?

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर पोहोचलो तेव्हा सामानाची रांग लांबच लांब होती. मुलाला भूक लागली होती, नवरा बॅगांपाशी उभा होता. मी एकटीच काउंटरवर गेले. त्या दिवशी मोबाइलवर डॉलरचा भाव ८३ रुपये दिसत होता. काउंटरवरच्या फळीवर ९० होता. मी विचारलं, तेव्हा आतला मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, मोबाइलवरचा भाव बँकाबँकांमधला असतो. नोटांचा भाव वेगळा." ते खरंही होतं. पण किती वेगळा असावा, हे मला ठाऊक नव्हतं, आणि थांबून विचार करायला वेळ नव्हता. सेवाशुल्क आणि कर कापून ४४० डॉलर हातात आले. बहुतेक नोटा २० आणि १०च्या.

दुसरी चूक बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर झाली. बाहेर पडलो तर आगमनाच्या दालनात समोरच चलन बदलायच्या खिडक्या. थाई चलन म्हणजे बाट. टॅक्सीला लागेल, पाण्याला लागेल, म्हणून पहिल्याच खिडकीत सगळेच्या सगळे डॉलर देऊन टाकले. साधारण ३३चा भाव मिळाला. १४,५२० बाट. छोट्या नोटांना तिथं मोठ्या नोटांपेक्षा कमी भाव देतात, हे मला पावती हातात आल्यावर कळलं.

पुढे मुलाच्या हट्टामुळे टॅक्सीऐवजी ट्रेनने जायचं ठरलं. एअरपोर्ट रेल लिंक नावाची ट्रेन विमानतळाच्या तळमजल्याखालून सुटते आणि ४५ बाटमध्ये शहरातल्या फया थाई स्टेशनपर्यंत नेते. आम्ही सरकत्या जिन्याने खाली उतरलो. तिथं स्टेशनच्या वाटेवर खासगी चलनवाल्यांच्या खिडक्या, आणि प्रत्येकीसमोर हातात पासपोर्ट धरलेल्या लोकांची रांग. सासूबाई थांबल्या. चश्मा नीट केला आणि फळी वाचू लागल्या. तिथं डॉलरला ३५.२० बाट मिळत होते.

तेच विमानतळ, तीच इमारत, फक्त काही मजले खाली.

सासूबाई सोसायटीतल्या ११ बायकांच्या भिशीचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवतात. आकडा त्यांच्या डोळ्यांतून सुटत नाही. त्या माझ्याकडे वळून काही बोलल्या नाहीत. "चला, गाडी येईल," एवढंच म्हणाल्या.

वहीतली नोंद

ते पाच दिवस छान गेले असं मी सगळ्यांना सांगत होते. पण आता आठवतं, चाओ फ्राया नदीतल्या रात्रीच्या बोटीचं बोलणं निघालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जा, मला पाण्यात गरगरतं." नर्मदेच्या नावेत त्यांना कधी गरगरलेलं मी पाहिलं नव्हतं. चतुचकच्या बाजारात हत्तीचं चित्र असलेल्या कापडी पर्स त्यांनी बराच वेळ हातात घेऊन पाहिल्या आणि ठेवून दिल्या. भिशीतल्या मैत्रिणींसाठी शेवटी वाळवलेल्या आंब्याची दोन पाकिटं घेतली. मला वाटलं, आवडल्या नसतील.

घरी आल्यावर एक दिवस त्यांच्या औषधाची चिठ्ठी शोधताना त्यांची लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही हाती लागली. बँकॉकचं पान उघडंच होतं. वर लिहिलं होतं, "जमा ४०,०००." खाली खर्चाचा अंदाज. त्यात "कापडी पर्स ११" ही ओळ खोडलेली. "बोट (मी)" ही ओळ खोडलेली. आणि सगळ्यात शेवटी, नेहमीच्याच नीटनेटक्या अक्षरात, एक नोंद:

"घाई – सुमारे ५,००० रु."

मी तिथंच बसून आकडेमोड केली. निघण्याच्या आठवड्यात बडोद्यातल्या एका परवानाधारक चलन विक्रेत्याकडे डॉलरचा भाव ८४ रुपये २० पैसे होता, हे मी नंतर चौकशी करून काढलं. तिथं करासकट साधारण ४७३ डॉलर आले असते. ते सुवर्णभूमीच्या खालच्या मजल्यावर बदलले असते तर १६,६५० बाट झाले असते. आम्हाला मिळाले १४,५२०. फरक २,१३० बाटचा, म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळपास ५,००० रुपये. ११ पर्स आणि बोटीचं एक तिकीट, दोन्ही मिळून खर्च साधारण तेवढाच होता.

चाळीस हजारांतले पाच हजार गेल्याने आमचं घर बुडालं नाही. मनाला लागलं ते वेगळंच. आयुष्यात पहिल्यांदा एक बाई स्वतःच्या पैशांनी घरच्यांना मजा करवायला निघाली होती, आणि माझ्या निष्काळजीपणाची किंमत तिने गुपचूप स्वतःच्या हौसेतून वळती करून घेतली होती.

मी वही घेऊन त्यांच्यापुढे गेले. "आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून पैसे परत आले असते का?" त्या म्हणाल्या. "आणि अगं, चूक लिहून ठेवली की ती परत होत नाही. आता तू शिकून घे, आणि मलाही शिकव."

मग आम्ही दोघी शिकलो. जे शिकलो ते तुमच्यासाठी मांडते.

भाव विचारू नका, हातात किती ते विचारा

सगळ्यात आधी फळी वाचायला शिका. तिच्यावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात. एक विक्रेता तुमच्याकडून चलन घेतो तेव्हाचा, दुसरा तो तुम्हाला देतो तेव्हाचा. मधला फरक ही त्याची कमाई. फरक जितका रुंद, तितकं दुकान महाग. "शून्य कमिशन" अशी पाटी दिसली तरी हुरळून जाऊ नका. कमिशन वेगळं घेत नाहीत, ते भावातच मुरवलेलं असतं.

विमानतळावर हा फरक मोठा असण्याला कारणं आहेत. जागेचं भाडं भरपूर, आणि गिऱ्हाईक कुठे पळून जाणार नाही याची खात्री. तुम्ही विमान सोडून भाव करायला शहरात परत जाणार नाही, हे काउंटरवाल्याला पक्कं माहीत असतं.

कर मात्र आपण समजतो तेवढा नसतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या चलन बदलीत रकमेचा १ टक्का हे सेवेचं मूल्य धरतात, ते किमान २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ४०,००० रुपयांवर फक्त ७२ रुपये. "मॅडम, टॅक्समुळे महाग पडतं," असं कुणी सांगितलं तर ७२चा आकडा लक्षात ठेवा.

म्हणून आता आम्ही भाव विचारतच नाही. फोन करून एकच प्रश्न विचारतो, "मी तुम्हाला ३०,००० रुपये दिले, तर सगळं कापून माझ्या हातात किती डॉलर पडतील?" या एका प्रश्नात भाव, शुल्क, कर सगळं आलं. तीन ठिकाणी विचारा. उत्तरं वेगवेगळी येतील. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला सांगितलं तर कधी कधी तो दोन-चार डॉलर वाढवतोही. भाजीच्या गाडीवर घासाघीस करणाऱ्या आपण, इथेच का लाजायचं?

चलन रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच किंवा बँकेतून घ्या, आणि पावती मागा. पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि गरज असेल तिथे व्हिसा बरोबर न्या. रोख रुपये देऊन चलन घ्यायचं असेल तर रक्कम ५०,०००च्या आत असावी लागते. त्यापुढे पैसे बँक खात्यातून किंवा कार्डाने द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. बाकीची रक्कम कार्डावर घेता येते.

बडोद्यासारख्या शहरात विक्रेते सहज सापडतात. तुमच्या गावात नसतील, तर काही कंपन्यांकडे आधी ऑनलाइन भाव ठरवून विमानतळावरच्या त्यांच्याच काउंटरवरून चलन उचलता येतं. काउंटर तोच, पण आधी नोंदवलेला भाव आयत्या वेळच्या भावापेक्षा बराच कमी असू शकतो. निघायच्या दोन-तीन दिवस आधी मोबाइलवर दहा मिनिटं काढलीत, तरी पुरे.

नोटा मोठ्या आणि कोऱ्या मागा. थायलंडसारख्या ठिकाणी १०० डॉलरच्या नोटेला जास्त भाव मिळतो. घडी पडलेली किंवा पेनाने खूण केलेली नोट कधी कधी नाकारतात. जिथं जायचं तिथलं चलन इथूनच घ्यावं की डॉलर नेऊन तिथं बदलावं, याला एकच उत्तर नाही. दोन्हीचा हिशेब मांडून बघा. रुपये मात्र तिकडे बदलायच्या भरवशावर नेऊ नका. परदेशात रुपयाला भाव फार पडतो, आणि देशाबाहेर जाताना प्रत्येकी २५,००० रुपयांपेक्षा जास्त रोकड नेताही येत नाही.

कार्डाची एक गोम

आता बऱ्याच जणांचा सगळा खर्च कार्डानेच होतो, आणि अनेकदा ते स्वस्तही पडतं. पण दोन गोष्टी घरी बसूनच करा. एक, बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा आणि मर्यादा घाला. २०२०पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतात, बाकीचं आपल्याला सुरू करावं लागतं. परक्या देशात एटीएमपुढे उभं राहून हे आठवलं तर रडू येतं. दोन, आपली बँक परदेशी खर्चावर किती टक्के जादा लावते ते विचारून ठेवा. साध्या क्रेडिट कार्डावर हे बहुधा २ ते ३.५ टक्के असतं, वर त्यावरचा कर. काही कार्डांवर ते नसतंही. प्रीपेड फॉरेक्स कार्ड घेतलंत तर ज्या देशात जाताय त्याच चलनात भरा. नाहीतर एका चलनातून दुसऱ्यात जाताना पुन्हा कात्री लागते.

थायलंडमध्ये एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की दरवेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापतात, आपली बँक कापेल ते वेगळं. म्हणून रोज थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच काढा. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान अशा देशांत काही दुकानांत आपलं यूपीआयही चालतं. पण सगळीकडे चालेल असं धरून चालू नका.

आणि आता ती गोम. परदेशात कार्ड लावलं की मशीन कधी कधी अगदी प्रेमाने विचारतं, "रुपयांत पैसे द्यायचे की इथल्या चलनात?" आपल्याला वाटतं, वा, रुपये! ओळखीचा आकडा! आपण रुपयांवर बोट ठेवतो आणि फसतो. कारण मग रुपयाचा भाव आपली बँक ठरवत नाही, त्या मशीनमागची कंपनी ठरवते आणि त्यात स्वतःचा नफा घालते. दर वेळी तिथलंच चलन निवडा. एटीएमवरही हाच नियम.

मध्ये एखाद्या विमानतळावर तीन-चार तास थांबायचं असेल, तर तिथलं चलन घेऊच नका. कॉफी कार्डाने प्या. आणि काहीच जमलं नाही, काउंटरपुढे उभं राहावंच लागलं, तर टॅक्सीपुरते आणि पहिल्या दिवसापुरतेच बदला. बाकीचे शहरात. आम्ही सुवर्णभूमीत सगळे डॉलर एकाच खिडकीत दिले नसते, तर निम्मं नुकसान तिथंच वाचलं असतं.

परत येताना नाणी खर्च करून टाका, ती इथं सहसा कुणी बदलून देत नाही. नोटा २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त उरल्या तर परतल्यापासून १८० दिवसांत विकायच्या असतात. पुढचा प्रवास ठरलेला असेल तर थोड्या जपून ठेवा. विकताना पुन्हा भावाचा फरक सोसण्यापेक्षा ते बरं.

११ पर्स

२०२५च्या जूनमध्ये सासूबाई पुन्हा निघाल्या, या वेळी एकट्या. माझी नणंद सिंगापूरला असते, तिचं बाळंतपण होतं. पुन्हा कापडी पिशवी आली, पण माझ्या हातात नाही. त्यांनी स्वतः फोन लावले.

"मी ३०,००० रुपये दिले तर हातात किती सिंगापूर डॉलर?" मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एकाने ४३१ सांगितले, दुसऱ्याने ४३६, तिसऱ्याने आधी ४३८ आणि मग, "भाऊ, मी म्हातारी बाई, लेकीच्या बाळंतपणाला निघालेय," हे ऐकल्यावर ४४१. म्हणजे एक डॉलर ६८ रुपयांना पडला. मुंबईच्या विमानतळावर त्यांना सोडायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या फळीवर ७४ होता. त्यांनी फळी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. त्या हसण्याने माझ्या मनावरचं वर्षभराचं ओझं उतरलं.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नातीच्या रडण्याचा आवाज मागे ऐकू येत होता. मला वाटलं, बाळाबद्दल काही सांगतील. म्हणाल्या, "अगं, आज दुकानात मशीनने विचारलं, रुपये की डॉलर? मी डॉलर दाबलं. त्या मुलीने मला परत विचारलं, मी परत डॉलर दाबलं." मग बाळाबद्दल बोलल्या.

परतल्यावर भिशीचा दिवस आमच्याकडे होता. चहा झाल्यावर सासूबाईंनी पिशवी उघडली आणि एकेक पर्स काढून सगळ्यांच्या हातात दिली. बरोबर ११. कुणीतरी म्हणालं, "अहो, एवढ्या महागाच्या शहरातून आम्हा सगळ्यांसाठी कशाला?" त्या म्हणाल्या, "पैसे उरले होते."

रात्री त्यांनी वही लिहायला घेतली. मी मागून डोकावले. सिंगापूरच्या पानावर "कापडी पर्स ११" ही ओळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण. घाईच्या खात्यावर या वेळी काहीच खर्च पडला नव्हता.

तुमच्या पुढच्या प्रवासाची यादी करायला बसाल तेव्हा तिकिटाखाली, औषधांच्या वर, एक ओळ वाढवा: पैसे बदलणे. तीन फोन, दहा मिनिटं. त्यातून वाचतील ते कदाचित चार-पाच हजारच असतील. पण घरातल्या कुणाची बोट आणि कुणाच्या पर्स त्यावर अवलंबून असतात, ते आपल्याला पुष्कळदा वही उघडेपर्यंत कळतच नाही.